गुलाबी मार्कर

"ए पिवळी टोपी, उठ! बापाची खुर्ची आहे का?"

साहेबांनी पेनानं माझ्या डोक्यावर टकटक केलं. चाकणच्या आमच्या कंपनीत कंत्राटी कामगाराला पिवळी टोपी, परमनंटला निळी. पिवळ्यांनी कॅन्टीनमध्ये भिंतीकडच्या बाकावर जेवायचं. त्या दिवशी बाक भरलेला, निळ्यांच्या खुर्च्या रिकाम्या. म्हणून बसलो. घास तोंडात होता. तसाच उठलो, बेसिनपाशी उभ्यानं जेवलो. साहेबांचं मन राखायला दोघं-तिघं हसले.

चित्रं मला लहानपणापासून येतात. पिंपरीत रद्दीवाल्याकडे एक जुनं पुस्तक मिळालं होतं. तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपातले लोक राजांची, धर्मगुरूंची टिंगल करणारी चित्रं छापायचे, भिंतीला डकवून पसार व्हायचे. मीही तेच केलं. दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या आधी सूचना फलकावर साहेब काढले. डोक्यावर मुकुट, पोट हे एवढं, कॅन्टीनच्या सगळ्या खुर्च्या एकावर एक रचून वर बसलेले. खाली पिवळ्या टोप्या उभ्यानं जेवतायत. अख्खी लाइन हसली. निळेसुद्धा. म्हटलं, जिंकलो राव!

कसलं जिंकलो, डोंबल! चित्र काढलं होतं गुलाबी मार्करनं. खराब पार्टवर खूण करायचा मार्कर. तो फक्त तपासणीच्या टेबलावर असतो, आणि त्या टेबलावर रफिकचाचा. त्यांच्या ड्रॉवरमधून मीच न विचारता उचलला होता. हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

साहेबांनी रेघेवर बोट फिरवलं. "रफिक, मार्कर तुझाच ना?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं त्यांनी.

"माझाच आहे, साहेब."

तिथल्या तिथं त्यांचा गेटपास काढून घेतला. तेही पिवळी टोपीच. नऊ वर्षं त्या टेबलावर. मी दहा पावलांवर उभा होतो. लाज वाटते सांगायला, पण मनात पहिलं आलं ते हेच, सुटलो.

संध्याकाळी थेरगावला त्यांच्या घरी गेलो. पाय धरले. त्यांनी उठवलं, चहा दिला. मग म्हणाले, "चित्र झकास होतं, बेटा. खाली नाव टाकायला शाई संपली होती का?"

कप तसाच खाली ठेवून निघालो.

घरी येऊन पुस्तक पुन्हा काढलं. चित्रं बघायच्या नादात मजकूर वाचलाच नव्हता. काढणारा बऱ्याचदा निसटायचा, असं लिहिलं होतं. छापणारा सापडायचा. तुरुंग त्याच्या नशिबी. म्हणजे माझ्यासारखे तिथंही होतेच.

आज सकाळी तेच चित्र पुन्हा काढलंय. स्वतःच्या पेनानं. खाली पूर्ण नाव, टोकन नंबर. त्याखाली लिहिलंय, मागचंही मीच काढलं होतं, चाचांना कामावर घ्या.

फलकापाशीच उभा आहे. पिवळी टोपी काढून खिशात ठेवलीय. साहेबांची गाडी गेटातून आत आलीय. माफी मी एकदाच मागितली, थेरगावला. इथं मागणार नाही.