वनमालाबाईंनी पाणी बंद केलं तो दिवस

लेफ्टनंट कर्नल वनमाला ओव्हाळ निवृत्त होऊन दिंद्रुडजवळच्या आपल्या गावी परतल्या, तेव्हा गावाला वाटलं, ही बाई कशालाच भिणार नाही. सव्वीस वर्षं फौजेत डॉक्टर होत्या, त्यातली दोन सीमेवरच्या चौकीत. खरं काय ते वनमालाबाईंनाच ठाऊक होतं. तोफा सुरू झाल्या की त्यांच्या पोटात गोळा यायचा, तोंडाला कोरड पडायची. समोर जखमी जवान आला की हातांची थरथर तेवढी थांबायची.

बौद्धवाड्याच्या तोंडाशी, म्हाताऱ्या आईच्या घरातच त्यांनी दवाखाना थाटला. हळूहळू सगळ्या गल्ल्यांतून लोक यायला लागले. दुसऱ्या वर्षी भाद्रपदात एका आठवड्यात काविळीचे एकोणीस रोगी आले. मग छबुबाई थोरातांची सून गेली. सहा महिन्यांची गरोदर होती. ताप आला, डोळे पिवळे झाले, तिसऱ्या दिवशी ती माणसं ओळखेना, आणि बीडला पोचायच्या आतच संपली.

वनमालाबाई हादरल्या. ही कावीळ घाण पाण्यातून येते. बाकीच्यांना महिनाभर निजवून सोडते, पण गरोदर बाईच्या जिवावर उठते. गावात अशा आणखी काही जणी होत्या. त्यांतली एक त्यांची भाची पौर्णिमा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली.

फौजेत रोज सकाळी पाणी तपासायचं काम डॉक्टरकडेच असतं. त्यांनी नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असतं तर पाणी पिवळं झालं असतं. ते जसंच्या तसं राहिलं. तशाच त्या सरपंच आबासाहेबांकडे गेल्या.

आबासाहेबांनी चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. "म्याडम, आठ दिवसांनी यात्रा हाय. पाव्हणेरावळे येतेन. पाणी बंद कसं करावं?"

"तोवर आणखी कुणी गेलं तर?"

ते हसले. "तुमी लई शिकल्या. पर गावाच्या पाण्याला तुमी हात लावलेला लोकांना रुचायचं न्हाई. मी म्हनत न्हाई, लोक म्हनतेन."

ते इतक्या गोडीत बोलले, की वनमालाबाईंनी चहा न पिताच कप खाली ठेवला.

घरी मनकर्णाआईनं हे ऐकलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. "वनू, पाण्याच्या वाटंला जाऊ नगंस. माज्या सासूनं पाण्यापायी मार खाल्लाय. तुला पेन्शन हाय, तू निघून जाशील. आमाला हितंच ऱ्हायचंय."

दारात पौर्णिमा केस विंचरत होती. वनमालाबाईंनी हाक मारल्यावर ती उजेडाकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा दिसला.

तिचा बाप, वनमालाबाईंचा भाऊ रामहरी, तासाभरात तिला जीपमधून अंबाजोगाईच्या दवाखान्यात घेऊन गेला. वनमालाबाईंनी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करून टँकर मागवला. मग दवाखान्याचं कुलूप घेऊन त्या टाकीकडे गेल्या, व्हॉल्व्ह फिरवून बंद केला आणि साखळी गुंडाळली. कुलूप लागेपर्यंत दोनदा हातातून खाली पडलं.

दुपारपर्यंत दीडशे माणसं टाकीपाशी जमली. "कुलूप काढा, न्हाईतर फोडतो," पप्पू म्हणाला. तो सरपंचांचा पुतण्या. मागून कुणीतरी बोललं, "यांच्या हातात गावचं पाणी कवा गेलं?" त्यावर कुणी काहीच बोललं नाही, आणि त्या गप्प बसण्याचीच वनमालाबाईंना सगळ्यात जास्त भीती वाटली. पळून जावं असं वाटलं. पण त्या व्हॉल्व्हपुढून हलल्या नाहीत.

तेवढ्यात गर्दीतून छबुबाई पुढं आल्या.

"बाई, खरं सांगा. माजी सून या पाण्यानं गेली का?"

"हो," वनमालाबाई म्हणाल्या. मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. "पाण्यानंच गेली. घरात आणखी कुणी गरोदर असेल तर तिला हे पाणी देऊ नका."

छबुबाईंनी घागर खाली ठेवली आणि व्हॉल्व्हला पाठ लावून मातीत बसल्या. "फोड आता," त्या पप्पूला म्हणाल्या. तो एक पाऊल मागं सरला. कुणी गेलं नाही, पण पुढंही कुणी आलं नाही. टँकर येईपर्यंत दोघी तिथंच होत्या.

तिसऱ्या दिवशी खणल्यावर दोष सापडला. मोठा पाइप गटाराखालून गेला होता आणि तिथं हातभर चिरला होता.

पौर्णिमा वाचली. तिचं बाळ वाचलं नाही. गावात त्यानंतर कुणी दगावलं नाही.

सरकारी पाणीपुरवठ्यात अडथळा आणल्याची तक्रार मात्र वनमालाबाईंवर झाली. माजलगावच्या कोर्टात तारीख असली की मनकर्णाआई आदल्या दिवसापासून जेवत नाही. वनमालाबाई एसटीत खिडकीशी बसतात. बाजूनं एखादी जीप जवळून गेली की आत पप्पू तर नाही ना, ते आधी बघतात. तरी त्या जातात, आणि परत आल्या की दवाखाना उघडतात.