वेशीबाहेर भरलेली शाळा

तरुणपणी मी एक अख्खं गाव गैरहजर लावलं होतं! शाळा-तपासणीला मालवणजवळच्या एका गावी गेले, तर शाळेला कुलूप, घरांना कुलपं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. डोळ्यांवर गॉगल, डोक्यात त्याहून दाट अंधार. ‘पालक उदासीन’ असा शेरा ठोकून बाईसाहेब परत! नंतर कळलं, गाव गावपळणीला गेलं होतं (देवाचा कौल घेऊन सगळं गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहतं). शेजारच्या गावात विचारायला तोंड होतं, पण ते पावडर लावण्यात गुंतलेलं.

यंदा त्याच गावची तपासणी पुन्हा माझ्याकडे आली. निकाल वाईट लागला तर शाळा खाडीपलीकडच्या शाळेत विलीन होणार होती. या खेपेला मी मुद्दाम गावपळणीतच गेले. एसटीतून उतरले, तर माळावर झापांच्या (विणलेल्या झावळ्यांच्या) खोपींचं नवं गावच! चुलींवर बांगडे, कुठे फुगड्या, आणि आंब्याखाली सावंतबाईंची शाळा. मी पिशवी खाली ठेवते तोच एक कोंबडी त्या पिशवीतच जाऊन बसली.

“ऱ्हवांदेत, आजये. तिची पण परीक्षा घेवा!” चौथीतल्या दीक्षाची आई, सुनंदा, हसली.

मुलांनी धडे झोकात वाचले. दीक्षाने तर राक्षसाचा आवाजही काढला. भागाकारात मात्र सगळ्यांची गाडी रुतली. मी मनात म्हटलं, गावपळणीत कोण भागाकार करतं? शेरा लिहिला, ‘सणामुळे गणिताची नोंद घेतलेली नाही,’ आणि ऐटीत वाचून दाखवला. सावंतबाईंचा चेहरा खुलला. सुनंदाचा नाही.

“गावपळण तीन दिसांची, आजये. दीक्षाक भागाकार पावसापासून येणा नाय. चार वर्गांक एकटी बाई, ती तरी काय करतली? तां लिवा.”

“अगो, तां लिवलां तर शाळा जायत!” सावंतबाई घाबरल्या.

“आणि नाय लिवलां तर तुमच्या मदतीक कोण येतलो?”

माझा चष्मा बदलला होता, आंधळेपणा तोच! शेरा खोडला, नवा लिहिला: वाचन उत्तम, भागाकार कच्चा. कारण सण नव्हे, शिक्षक अपुरे. लहान पोरं खाडीपलीकडे पाठवू नका, इथेच दुसरा शिक्षक द्या. निर्णय माझ्या हाती नाही, हेही सांगून टाकलं.

एसटीत बसल्यावर वाटलं, आकडे आणि माणसं यांचं भांडण आयुष्यभर मीच लावत आले. दोघांना एका पंगतीत बसवलं असतं, तर काय बिघडलं असतं? तेवढ्यात सुनंदा खिडकीशी आली.

“शाळा ऱ्हवली तर जेवूक येवा, आजये. नाय ऱ्हवली तरी येवा. पण मगे म्हावऱ्याची कढी जरा तिखाट आसतली!”