कापलेला तांब्या

कामावर मी मशीनच्या जुळणीत केसाएवढी चूक खपवून घेत नाही. त्यामुळे शनिवारी मातीकामाच्या वर्गात माझा तांब्या बसका नाहीतर फेंगडा निघाला की माझा पारा चढायचा. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या त्या वर्गात बाकीच्या बायका फुलदाण्या करायच्या. मला तांब्याच हवा होता, डौलदार गळ्याचा.

एका शनिवारी तो उभा राहिला. नवऱ्याने तर टीव्हीशेजारच्या फळीवर जागाही केली. आता फक्त भट्टी बाकी होती.

पुढच्या शनिवारी, तांब्या अर्धवट सुकलेला असताना, आमच्या बाई जवळ आल्या. सत्तरीच्या, उंचनिंच, आणि मनात येईल ते तोंडावर सांगणाऱ्या. म्हणाल्या, "कसा वाटतो?"

"छान."

"बघून नको, उचलून सांग."

उचलला. चांगलाच जड होता. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. बाईंनी माती कापायची तार माझ्यापुढे ठेवली. "कापायचा की भाजायचा, तू ठरव. तुझा आहे."

मला भयंकर राग आला. बाईंचा, आणि त्याहून त्या तांब्याचा, कारण तो खरंच देखणा होता. पण भाजला असता तर तो जन्मभर तसाच राहिला असता आणि मी कुणा पाहुण्याला त्याला हात लावू दिला नसता. मी तार ओढली. आत तळाशी इडलीएवढा जाड थर, खांद्याशी पापड. म्हणजे माझा हात खाली रेंगाळत होता आणि वर पळत होता. चूक सापडल्यावर इतकं हलकं वाटलं की दोन्ही फाका ओल्या मातीत कालवून मी पुन्हा चाकावर बसले.

मग मी कापतच सुटले. "आज कुणाचा बळी?" नवरा दर शनिवारी विचारायचा.

गेल्या महिन्यात एक तांब्या उचलला आणि हातालाच कळलं. बाईंनीही उचलून पाहिला, मान डोलावली. "हा भट्टीत."

मी तार घेतली. बाई "अगं, थांब" म्हणेपर्यंत तो कापून झाला होता. तळापासून गळ्यापर्यंत भिंत एकसारखी. मी एवढ्या मोठ्याने हसले की शेजारच्या बायका चाकं थांबवून बघायला आल्या.

घरी नवऱ्याला फोटो दाखवला.

"अगं, हा तर परफेक्ट होता ना? मग का कापलास?"

"चांगला आतून कसा असतो, ते कधी बघितलंच नव्हतं रे."

तो फोटोकडे बघत राहिला. "आणि परत नाही जमला तर?"

"जमेल," मी म्हटलं. बोलून गेल्यावर लक्षात आलं, मला त्याची भीतीच वाटत नव्हती.