आमच्या ह्यांचं नाक

आमचे हे चहा चाखतात. हौस म्हणून नव्हे, पोटच त्यावर चालतं. वखारीत एका लांब टेबलावर पांढऱ्या वाट्या मांडलेल्या असतात, प्रत्येकीत वेगळ्या गोणीतला चहा. हे आणि यांचे जोडीदार त्याच वाट्यांत आपापला चमचा बुडवतात, जोरात भुरका मारतात, तोंडात घोळवतात, पिकदाणीत थुंकतात आणि पुढच्या वाटीकडे वळतात. जोडीदाराचा भुरका रस्त्यावर ऐकू जातो, म्हणून त्यांना सगळे भुरकेमास्तर म्हणतात. कोणती गोणी दमट जागी राहिली, कोणत्या चहाला धूर लागला, हे दोघं डोळे मिटून सांगतात. शेठचा धंदा या दोन नाकांवर उभा आहे आणि आमच्या ह्यांना ते जरा जास्तच ठाऊक आहे.

या नाकापायी मी काय काय सोडलं म्हणून सांगू? वासाचं तेल नाही, पावडर नाही, अत्तर तर लांबच राहिलं. साबणसुद्धा बिनवासाचा. माझी बहीण म्हणायची, "भावोजी नाकावर जगतात आणि तू नाक मुठीत धरून जगतेस." मी हसून सोडून द्यायची. नवऱ्याचं काम आहे, एवढं तर करायलाच हवं, असं मला खरंच वाटायचं.

मग मला छातीत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. आता सलाईनमधून औषध चढवतात आणि दर खेपेला अंगातलं त्राण धुऊन निघतं. नेमका त्याच सुमारास शहरात फ्लू पसरला. इस्पितळातल्या सिस्टरनं आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं, "यांना लस दिलीय. पण या औषधांपुढे ती किती काम करेल, याचा भरवसा नाही. तेव्हा घरातल्यांनी घ्यायलाच हवी. यांना साधा फ्लूसुद्धा महागात पडेल."

घरातले म्हणजे कोण? आम्ही दोघंच. ह्यांनी तिथल्या तिथे मान डोलावली. "उद्याच घेतो," म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी वखारीत शेठचा साडू टपकला. त्यानं सांगितलं की गेल्या वर्षी लस घेतली आणि महिनाभर त्याला कशाचा वास म्हणून आला नाही. झालं! हे घरी आले ते तोंड पाडूनच. मी म्हटलं, "अहो, त्या साडूला आधीच सर्दी झाली असेल. सिस्टरला विचारा." विचारलं. ती म्हणाली, "लसीनं नाक जात नाही हो. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल. नाक जायचंच तर फ्लूनं जाईल." हे "बरं" म्हणाले आणि पुन्हा तसेच बसले.

तिथून जे सुरू झालं ते तळ्यात की मळ्यात. सकाळी दवाखान्याकडे निघायचे, कोपऱ्यावरून परत यायचे. म्हणे रांग मोठी आहे. एकदा तर आपला नंबर येताच मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं आणि शेवटी स्वतःच रांगेतून बाहेर पडले. घरात बसले तरी बूड टेकत नव्हतं. खिडकीपाशी जा, स्वयंपाकघरात ये, डबा उघड, हुंग, बंद कर. त्यांच्या त्या येरझाऱ्यांनी माझी मात्र घालमेल व्हायची. कोणी खोकलं की मी पदर नाकातोंडावर धरायची. रात्रंदिवस एकच विचार, की हा माणूस बाहेरून काय घेऊन येतोय. आणि राग यायचा. खूप राग यायचा. माझ्यापेक्षा यांना नाक मोठं झालं? पण तोंडानं चकार शब्द काढला नाही. मी मागितली म्हणून ह्यांनी घेतलेली लस मला नको होती. त्यांना आपणहून वाटायला हवं होतं.

मग ह्यांनी एक तोडगा काढला, चहा चाखणाऱ्यालाच सुचावा असा. म्हणाले, "माझं नाक कुठल्याही थर्मामीटरच्या आधी बोलतं. साधी सर्दी व्हायची असली तरी मला आदल्या दिवशी वास बोथट लागतो. नाक चोख असेल तेव्हाच तुझ्याजवळ येईन. नसेल तर लांब राहीन."

रोज परीक्षा चालली. ह्यांनी चहाच्या पुड्या हुंगायच्या, मी काडी ओढून विझवायची आणि ह्यांनी दाराआडून धूर ओळखायचा. "चोख!" असं ओरडून मगच माझ्या उशाशी येऊन बसायचे. मलाही, खोटं कशाला बोला, जरा धीर वाटायला लागला होता.

काल दुपारी भुरकेमास्तरांच्या बायकोचा फोन आला. "वहिनी, ह्यांना फ्लू निघाला. सकाळी ठणठणीत होते हो! दमट गोणी ह्यांनीच पकडली, शेठनं पाठ थोपटली. आणि जेवणाच्या सुट्टीत असं अंग तापलं की उभं राहवेना. तुमच्या ह्यांना जपा."

म्हणजे फ्लू अंगात असतानाही मास्तरांचं नाक चोख होतं. आणि ज्या वाट्यांत त्यांचा चमचा, त्याच वाट्यांत ह्यांचा.

मी लगेच सिस्टरला फोन लावला. ती म्हणाली, "त्रास जाणवायच्या आदल्या दिवसापासून माणूस फ्लू पसरवू शकतो. नाकबिक काही सांगत नाही. लस आज घेतली तरी अंगी लागायला दोन आठवडे जातील. त्यांना काही दिवस घरात घेऊ नका. तुम्हाला जरा जरी कणकण वाटली तर लगेच इकडे या." आदल्या रात्री हे माझ्या उशाशीच बसले होते. त्याचं आता काय करणार?

मी उठून आतून कडी घातली.

थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली. दार ढकललं गेलं, मग टकटक. "अगं उघड. घेतली! मास्तरांना घरी पोचवलं आणि तसाच रांगेत जाऊन उभा राहिलो. बघ, दंडावर पट्टी आहे."

"अहो, उशीर झाला," मी म्हटलं. सिस्टरनं सांगितलं ते सगळं सांगितलं.

"पण माझं नाक..." एवढंच म्हणाले. मग चिडले. "तू एकदा तरी म्हणायचं होतंस! घे म्हणाली असतीस तर पहिल्याच दिवशी घेतली असती. मला काय ठाऊक, तुझ्या मनात काय चाललंय ते?"

"मला मरायची भीती वाटते," मी म्हटलं. "आता म्हणते. खूप भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते."

एवढ्या वर्षांत हे मी ह्यांना कधी बोलले नव्हते, आजार कळला तेव्हाही नाही. बोलल्यावर मात्र माझा हात आपोआप कडीवर गेला. वाटलं, काही होवो, उघडावं आणि ह्यांना आत घ्यावं. कडी जरा वाजलीही असेल.

"अगं, उघडू नकोस," हे पलीकडून म्हणाले. आवाज रडवेला होता. "मी कितीही म्हटलं ना, तरी उघडू नकोस."