दुसरी बाजू : खराब

पिनकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी शिंकलो. एवढं एकच वाक्य लिहून थांबलो तरी त्या भेटीचा वृत्तान्त पुरा होईल, पण त्या शिंकेवर अन्याय होईल. आमच्या घराण्यात शिंक लहान येत नाही. आजोबा शिंकले की शेजारी दारं उघडून बघत. वडील एकदा भर रस्त्यात शिंकले तेव्हा समोरून येणाऱ्या सायकलवाल्याने आधी ब्रेक दाबला आणि मग हात वर केले. मी त्या परंपरेचा नम्र वारसदार.

वडिलांच्या कानाचं यंत्र कुईकुई करायला लागलं म्हणून मी ते दुरुस्तीला घेऊन गेलो होतो. दुकानात कोणी नव्हतं. आतल्या खोलीचं दार किलकिलं होतं आणि त्यावर पाटी होती : ‘बोलू नये. श्वास चालेल.’ मी न बोलता, श्वास घेत आत शिरलो. जुन्या कागदी पाकिटांची धूळ नाकात गेली आणि तीन पिढ्या एकदम जाग्या झाल्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर चिकटवलेले अंड्यांचे ट्रे थरथरले. खिडकीत बसलेलं मांजर जे उडालं ते त्या गल्लीत पुन्हा दिसलेलं नाही. खोलीच्या मध्यावर एक बारकेला माणूस फिरत्या रेकॉर्डवर वाकून उभा होता. त्याने मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं की, ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांचं कोपर ढकलणाऱ्याकडेही कोणी तसं पाहत नसेल. मग त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने दार दाखवलं.

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. दहा मिनिटांनी तो माणूस आला. चेहरा पार उतरलेला.

“माफ करा,” मी म्हणालो. “पुन्हा वाजवून घेता येणार नाही का?”

“एक रेकॉर्ड, एक पिन, एकदाच,” तो म्हणाला. “दर वेळी पिन थोडं गाणं खरवडून नेते. तुमच्या शिंकेपायी मी हे गाणं झिजवू?”

हे पिनकाका. दिवसा ते लोकांच्या कानात यंत्रं बसवत. दुपारी दोन ते चार, रहदारी कमी असताना, जुन्या रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवून आपल्या वेबसाइटवर ठेवत. आठवड्याला एक. आधी मऊ ब्रश, मग ओला कपडा, मग कोरडा कपडा, मग नवी पिन. या दोन तासांत दुकानामागच्या घरातला फ्रिज बंद, पंखा बंद, घड्याळ उशीखाली. आमच्या काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या, “लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. त्यातली वीस मी चवड्यांवर चाललेय.”

उतरवलेल्या गाण्यात पिनकाका काडीची ढवळाढवळ करत नसत. खरखर असेल तर खरखर, ओरखडा असेल तर ओरखडा. माझी शिंकही तशीच वेबसाइटवर चढली आणि खाली टीप आली : ‘सतराव्या सेकंदाला शिंक ऐकू येते. ती मूळ गायिकेची नाही.’ त्याखाली आणखी एक ओळ होती : ‘दुसरी बाजू : खराब.’ त्या ओळीकडे मी तेव्हा पाहिलंसुद्धा नाही. माणूस स्वतःची शिंक छापून आल्यावर पुढचं वाचत नाही.

ती रेकॉर्ड आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या मालकीची. बाई निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण त्या दुकानात शिरल्या की गिऱ्हाइकं आपोआप रांगेत उभी राहत. त्यांच्या वडिलांनी मागे ठेवलेल्या तीनशे वीस रेकॉर्डी त्यांनी पिनकाकांकडे आणून ठेवल्या होत्या. वाजवायचं यंत्र त्यांच्या लहानपणीच मोडलं होतं, त्यामुळे त्यातली बरीचशी गाणी बाईंनी पहिल्यांदा ऐकली ती वेबसाइटवरच. चार वर्षांत दोनशे आठ झाल्या. उरल्या एकशे बारा. पिनकाका त्या कपाटाकडे असे बघत, जसे नातवंडं झोपलेली असताना आजोबा पलंगाकडे बघतात.

वेबसाइटचे सभासद चारशे बत्तीस आणि नियम एकच : ‘येथे गाण्याबद्दल बोलावे. निवडणुकीबद्दल मतदान केंद्रात बोलत नाहीत, येथेही बोलू नये.’ कोणी नियम मोडला तर पिनकाका त्याचा मजकूर काढून टाकत नसत. ते त्याला फोन करत आणि त्याचाच मजकूर त्याला मोठ्याने, सावकाश, स्वल्पविरामांसकट वाचून दाखवत. “हे तुम्ही लिहिलंय. कसं वाटतं ऐकायला?” तिसऱ्या वाक्याला समोरचा म्हणायचा, “काढा हो ते, पाया पडतो.” शिवी वाचून दाखवतानासुद्धा पिनकाकांचा आवाज इतका सौम्य असे की शिवी देणाऱ्यालाच रडू यायचं.

मग त्या वर्षी निवडणुका आल्या. आमच्याकडे लढत पिवळ्या पक्षाची आणि जांभळ्या पक्षाची. मी भाजी घेत होतो. पिवळ्यांचा टेम्पो आला, वर दोन कर्णे. आधी व्हायोलिनचा गोड तुकडा, मग ‘बदल घडवू, बदल घडवू’, आणि त्याच्या पाठोपाठ साऱ्या बाजारावरून माझी शिंक गेली. मी सवयीने “सॉरी” म्हणालो. भाजीवाली म्हणाली, “तुम्ही कशाला? ते वरचे शिंकले.”

पिवळ्यांच्या कुणा कारागिराने पिनकाकांच्या वेबसाइटवरून व्हायोलिन उचललं होतं, आणि घाईत शिंकही. संध्याकाळपर्यंत आमच्या दंतवैद्यांनी वेबसाइटवर लिहिलं, ‘पिवळ्यांनी गाणं चोरलं, शिंकेसकट!’ दंतवैद्य कट्टर जांभळे. त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या पेशंटला मतभेद व्यक्त करायची सोय नसे, त्यामुळे आपली मतं सर्वमान्य आहेत असा त्यांचा प्रामाणिक समज झाला होता. दोन दिवसांत एकशे चाळीस उत्तरं आली. गाण्याबद्दल त्यातली चार. पिनकाका फोन लावून वाचत सुटले. छत्तिसाव्या फोनला त्यांचा आवाज बसला.

तिसऱ्या दिवशी बाई दुकानात आल्या. दंतवैद्य आधीच हजर होते. मी माझ्या शिंकेचा मालक म्हणून आपणहून गेलो होतो.

“राजकारण नको हा नियम कुणाचा?” बाईंनी विचारलं.

“माझा,” पिनकाका घोगऱ्या आवाजात म्हणाले.

“मग ही चर्चा आजच्या आज बंद करा. आमचं घर पहिल्यापासून पिवळं. माझ्या वडिलांच्या रेकॉर्डवर उभं राहून हे दातवाले आम्हाला चोर म्हणणार?”

“बाई, चोरी चोरीच,” दंतवैद्य म्हणाले. “काका, चर्चा उघडी ठेवा. लोकांना कळू दे.”

“उघडी राहिली तर उरलेल्या एकशे बारा रेकॉर्डी मी घरी नेणार,” बाई म्हणाल्या. “मी बोलले की करते. शाळेत विचारा.”

पिनकाका कपाटाकडे बघत राहिले. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी बाईंपुढे कप ठेवला, दंतवैद्यांपुढे ठेवला आणि नवऱ्यापुढे ठेवता ठेवता म्हणाल्या, “अहो, आता सांगून टाका की त्या पाठीमागच्या बाजूचं.”

“कुठली पाठीमागची बाजू?” बाई.

“ती खराब आहे,” पिनकाका पुटपुटले.

“काही खराब नाही. मी भिंतीपलीकडे लाटणं हातात धरून उभी होते. हलायची सोय नव्हती. सगळं ऐकलंय मी.”

पिनकाकांनी कप दूर सारला. ज्या माणसाने परक्या माणसाची शिंकसुद्धा पुसली नाही, त्याने अर्धी रेकॉर्डच दडवली होती. पहिल्या भेटीतला तो उतरलेला चेहरा चार वर्षं मी माझ्या नाकाच्या नावावर मांडत होतो. तो माझ्यामुळे नव्हताच.

ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि कॉम्प्युटरवर ती दुसरी बाजू लावली. आम्ही दारात उभे राहिलो. आधी त्याच गायिकेचं एक गाणं आलं, पासष्ट वर्षांपूर्वीच्या निवडणुकीचं, चक्क मतं मागणारं. मग गाणं संपलं आणि एका तरुण पुरुषाचा आवाज आला. आधी खोकला. मग तो बोलला, थोडा अडखळत, की आपलं मत जांभळ्यांनाच द्या. शेवटी त्याने आपलं नाव सांगितलं.

ते बाईंच्या वडिलांचं नाव होतं.

बाईंनी चौकटीला हात लावला. वडील जाऊन चाळीस वर्षं झाली होती आणि आवाज कशातच उरला नव्हता.  दंतवैद्यांनी जिंकल्यासारखं तोंड उघडलं, पण बाईंकडे बघून ते तसंच मिटलं. त्यांच्या धंद्यातली ती मला माहीत असलेली सर्वात नाजूक कामगिरी.

“खोकला त्यांचाच,” बाई म्हणाल्या. मग पिनकाकांकडे वळून, “चार वर्षं? चार वर्षं तुमच्याकडे हे होतं?”

“नियमात बसत नव्हतं,” पिनकाका म्हणाले. “आणि तुम्ही रेकॉर्डी न्याल असं वाटलं.”

बाई तडक निघून गेल्या. चहा तसाच राहिला.

त्यानंतर पिनकाकांनी जे केलं त्यासाठी मी त्यांच्यापुढे आजही वाकतो. दुसरी बाजू तशीच ठेवून चर्चा बंद करता आली असती. बाईंचीही त्याला ना नसती, एकशे बारा रेकॉर्डी कपाटात राहिल्या असत्या, आणि आम्ही तिघं चहा पिऊन गप्प बसलो असतो. त्यांनी बाईंना फोन केला, बसलेल्या आवाजात विचारलं, “चढवू?” बाई म्हणाल्या, “रेकॉर्डला दोन बाजू आहेत ना? मग मला काय विचारता?” आणि फोन ठेवला. त्या दुपारी दुसरी बाजू वेबसाइटवर आली. खाली टीप होती : ‘ही बाजू खराब असल्याचे मी लिहिले होते. ती खराब नव्हती. मी घाबरलो होतो.’ खाली, ज्याला येऊन बोल लावायचे असतील त्याच्यासाठी, दुकानाचा पत्ता आणि उघडण्याच्या वेळा.

चर्चा त्यांनी उघडीच ठेवली आणि नियमही बदलला. “म्हणजे आता राजकारण चालेल?” मी विचारलं.

“रेकॉर्डवर असेल तेवढं चालेल,” ते म्हणाले. “पण आधी ऐकायचं.”

त्यांनी अशी व्यवस्था करून घेतली की दोन्ही बाजू पुऱ्या ऐकल्याशिवाय लिहायची चौकट उघडूच नये. साडेपाच मिनिटं. आमच्या गावात साडेपाच मिनिटं ऐकून घेऊन मग भांडायची सवय कोणालाच नव्हती. बरेच वीर दुसऱ्या मिनिटाला गळाले. जे शेवटपर्यंत टिकले ते व्हायोलिनबद्दलच विचारायला लागले. खुद्द दंतवैद्यांनी लिहिलं की खोकल्यावरून गृहस्थांची अक्कलदाढ दुखत असावी. शेवटी बाईंनी एकदाच लिहिलं : ‘आवाज माझ्या वडिलांचा आहे. मत त्यांचं त्यांच्यापाशी. माझं पिवळ्यांनाच.’ ते वाक्य पिनकाकांनी फोन करून वाचून दाखवलं नाही. स्वतःलाच दोनदा वाचून दाखवलं. मी तिथे होतो.

निवडणुकीत पिवळे पडले आणि जांभळेही पडले. निवडून आला तो तिसराच, आणि त्याच्या टेम्पोवर गाणं नव्हतं. निकालानंतरच्या सोमवारी बाईंनी टेम्पो आणला आणि बोलल्याप्रमाणे एकशे बारा रेकॉर्डी घरी नेल्या. त्या त्यांच्या माळ्यावर आहेत. वाजवायचं यंत्र त्यांच्याकडे नाही.