शुक्रवारपर्यंतचं पाणी

आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून प्रत्येकाच्या दारात एक निळं पिंप आहे. काल सकाळी आरोग्य केंद्राच्या आशाताई डेंग्यूच्या अळ्या शोधत आल्या. शेजारच्या मंगलच्या पिंपात त्यांनी बॅटरी मारली आणि आम्ही तिघी आत वाकलो. उजेड पडताच बारीक अळ्या वळवळत तळाशी पळाल्या. खोटं कशाला बोलू, बघत राहावंसं वाटलं.

"हे ओतून टाका. पिंप घासून उन्हात कोरडं करा," आशाताई म्हणाल्या.

"ओतते की. पण नळ शुक्रवारी येणार, तोवर पिऊ काय?"

आशाताईंनी वहीत अळ्यांची नोंद केली.

मंगलला कुणी काय शिकवायचं? मागच्या पावसाळ्यात तिची पोर याच तापाने गेली. हा डास साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, दिवसाढवळ्या चावतो, सगळं तिला तोंडपाठ आहे. लोकांना समजावून सांगितलं की रोगराई हटते, असं मीही पूर्वी म्हणायचे. आता म्हणवत नाही. इथे सगळ्यांना सगळं कळतं, आणि पिंप भरलेलं असतं.

"निदान कापड तरी बांधा तोंडाला," आशाताई हळूच म्हणाल्या. "मीही घरी तेवढंच करते."

मंगल आत गेली आणि पोरीची शाळेची ओढणी घेऊन आली. तिने ती पिंपावर ताणून सुतळीने घट्ट बांधली. ओढणी मधोमध विरली होती, बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. ते आम्हा तिघींनाही दिसलं.

आशाताईंनी दारावर खडूने तपासणीची तारीख घातली आणि माझ्या पिंपाकडे वळल्या.