ग्रेडरच्या तोंडावरचं पुरळ

माझे बाबा कापसाचे ग्रेडर होते. दारव्ह्याच्या खरेदी केंद्रावर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागायची आणि हा पाच फुटी माणूस प्रत्येक बंडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचा. वरचा कापूस ते बघायचेच नाहीत. वर सगळेच पांढराशुभ्र ठेवतात, ओला आणि किडका आत दडपतात, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती. आतला मूठभर कापूस काढायचे, दोन बोटांत धागा ओढायचे आणि म्हणायचे, दोन नंबर, म्हणजे भाव कमी. त्या वर्षांत भाव पडलेले, बोंडात अळी, आणि राग काढायला समोर सापडायचे ते बाबाच. बाजाराच्या दिवशी आई त्यांच्यापासून चार हात लांब चालायची.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी खालून दुर्बीण घालून तुकडा काढला. या प्रकारानंतर बाकीचे पेशंट तोंड लपवतात. बाबा मात्र खूश होते. डॉक्टर कामाचा आहे, आतून नमुना काढतो, असं त्यांनी परतीच्या एसटीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पुढच्या सीटवरची बाई उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली.

ऑपरेशन झालं, किमो झाली, तरी आजार यकृतात जाऊन बसला. तेव्हा डॉक्टरांनी वेगळं औषध सुचवलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पेशीच्या अंगावर रिसेप्टर नावाच्या जागा असतात. 'वाढ' असा निरोप आणणारं रसायन तिथे येऊन बसलं की पेशी वाढायला लागते. हे औषध आधीच जाऊन ती जागा अडवतं. आपण जीपमध्ये खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो ना, तसं, असं मी बाबांना म्हटलं. मात्र काही गाठींत आतला एक जीन बिघडलेला असतो. तिथे सीटवर कोणी बसो न बसो, जीप सुटतेच, मग रुमालाचा काय उपयोग? म्हणून आधी गाठीचा तुकडा तपासायला गेला. जीन ठीक निघाला आणि एका औषध-चाचणीत बाबांचं नाव बसलं.

असे रिसेप्टर कातडीवरही असतात, त्यामुळे तोंडावर पुरळ येईल, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. ज्यांना पुरळ बऱ्यापैकी येतं, त्यांना औषधही बहुधा बरं लागू पडतं. हे ऐकल्यापासून आमच्या घराला दुसरा उद्योग उरला नाही. सकाळी उठलं की बाबांना उजेडात उभं करायचं आणि नाक तपासायचं. कॉलेजात असताना माझ्या मुरुमांना 'बोंडं लागली का' असं विचारून मला रडवणारा माणूस आता माझ्याच आरशापुढे मुरुमांची वाट बघत उभा असायचा. मला हसू यायचं, आणि तरी मीही रोज वाकून त्यांचं नाक बघायचे. मला बाबा हवे होते, आणि ते मिळणार की नाही हे एका पुटकुळीवर येऊन ठेपलं होतं.

पुरळ आलं. डॉक्टरांनी चेहरा बघून केसपेपरवर ग्रेड एक लिहिली. बाबांनी घरी येऊन गल्लीभर पेढे वाटले, एक नंबर लागला म्हणून. पुरळाची ग्रेड उलटी असते, एक म्हणजे सगळ्यात हलकी, हे मी सांगितलं तेव्हा पेढे संपले होते.

पुढच्या खेपेला ते डॉक्टरांशी भांडले. "साहेब, गाल पाहा न जरा नीट. हे एक नंबर होय का? दोन लिहा." आयुष्यभर लोक ज्या सुरात त्यांच्याशी भांडले, अगदी तोच सूर. डॉक्टर हसले. भांडून ग्रेड वाढत नाही, आणि तीन झाली तर डोस थांबवावा लागेल, असं त्यांनी समजावलं. त्याच्या पुढच्या खेपेला मात्र बाबांना दोन मिळाली, तीही न मागता. कपाळ, नाक, गाल, छाती सगळं फुललं होतं. शेजारणीला वाटलं, माता आली, कांजिण्या असाव्यात. तिने आमच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. आई त्याचाच पाला वाटून बाबांच्या तोंडाला लावायला गेली तर बाबांनी तिचा हात धरला. "हात लावू नको, ग्रेड पडन," ते म्हणाले.

स्कॅनमध्ये गाठी लहान झाल्या. जवळजवळ वर्षभर बाबा तोंडावर शेत घेऊन मिरवले.

मग गाठी पुन्हा वाढल्या. जीपने रुमालाकडे बघणं सोडलं होतं. औषध बंद झालं, आणि थोड्या आठवड्यांत बाबांचा चेहरा स्वच्छ झाला. इतका नितळ मी तो कधीच पाहिला नव्हता. मला त्या गालांचा राग येत होता.

त्याच सुमाराला चुलतभावाचं लग्न होतं. बाबा हट्टाने आले. मांडवात जो तो म्हणत होता, आता कसे छान दिसता, बरे झालात वाटतं. बाबा सगळ्यांना हात जोडत होते. तेवढ्यात एक म्हातारा शेतकरी पुढे आला. याच्या बंडीला बाबांनी वर्षानुवर्षं दोन नंबर लावला होता आणि यानेही शिव्यांत कधी कसर ठेवली नव्हती. त्याने बाबांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, इकडून तिकडून वळवून पाहिला आणि म्हणाला, "जाय साहेब, तुमी दिला नाही, पण मी देतो. एक नंबर."

सगळे हसले. बाबाही हसले. मग त्यांनी त्याचा हात आपल्या गालावरून काढला आणि सदऱ्यावरून पोटाच्या उजव्या बाजूला, बरगडीखाली नेऊन ठेवला.

"वरून पाहून ग्रेड देत नसतात, बाप्पा," ते म्हणाले.

म्हाताऱ्याच्या हाताला आतलं यकृत कडक लागलं असावं. पंगत उठेपर्यंत तो बाबांच्या शेजारीच बसून राहिला.